रणगाडा मळवायचा कसा: जुन्या मॉडेलला नवा रंग आणि खरी वाटणारी धूळ

दुकानातून आलेला मॉडेल रणगाडा नेहमी चकचकीत असतो. खऱ्या टँकवर तसली चमक फार दिवस टिकत नाही. म्हणून मॉडेलवाल्यांची निम्मी मेहनत रंग नीट देण्यात जाते आणि उरलेली तोच रंग पद्धतशीर खराब करण्यात. या दुसऱ्या कामाला वेदरिंग म्हणतात. घरच्यांना ते पटवणं अवघड आहे. "एवढी चांगली गाडी, घाण कायले करता भाऊ?" हा प्रश्न येणार, हे धरूनच चाला.

विदर्भातल्या खेड्यात राहणाऱ्याला या कामात मोठी सोय आहे. शहरातले हौशी लोक जे फोटोंमध्ये शोधतात, ते आपल्या दारात उभं असतं. पांदण रस्त्याने आलेला ट्रॅक्टर एकदा वाकून, जवळून बघा. मडगार्डच्या आतल्या बाजूला चिखलाचे थर आहेत, वरचा सुकून फिकट झालाय, खालचा अजून काळा आहे. पाय ठेवायच्या पायरीवर रंगच उरलेला नाही, तिथे लोखंड उघडं पडून गुळगुळीत झालंय. डिझेलच्या झाकणाखाली ओघळ आहे आणि त्या ओघळावरच धूळ जास्त धरली आहे. सायलेन्सर बुडाशी तांबूस, तोंडाशी काळा. बॉनेटच्या मधोमध मात्र जवळपास काहीच नाही. यातली एकही खूण उगाच आलेली नाही. प्रत्येकीमागे पाय, पाणी, उष्णता नाहीतर घर्षण आहे. मॉडेलवर ब्रश टेकवण्याआधी स्वतःला विचारा: हा डाग इथे कशाने पडला? उत्तर सुचलं नाही तर तो डाग देऊ नका. मात्र ट्रॅक्टरकडून घ्यायचा तो तर्क. माती ज्या लढाईचा टँक, तिथलीच हवी.

आधी ठरवा: हात लावायचा की नाही

मर्यादित आवृत्तीचं, मूळ खोक्यातलं, सोबत प्रमाणपत्र असलेलं डाय-कास्ट (साच्यात ओतलेल्या धातूचं) मॉडेल असेल तर ते रंगवू नका. तुमचं काम कितीही सुंदर झालं तरी संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत पडते. सुरुवातीला खोकं हरवलेलं, नळी वाकलेली, रंग उडालेला असा 1/72 प्रमाणातला (खऱ्यापेक्षा बहात्तर पट लहान) स्वस्त टँक घ्या. एक मधला मार्गही आहे. कारखान्याचा रंग तसाच ठेवायचा आणि त्यावर फक्त कोरडी रंगपूड लावायची, वार्निश न मारता. ही पूड ओल्या ब्रशने बरीचशी निघून येते. सांदीकोपऱ्यातली थोडी राहतेच.

गाडी कुठली, महिना कोणता

एका कागदावर तीन ओळी लिहा: कोणता टँक, कुठे, कोणत्या ऋतूत. पुढचं सगळं यावरून ठरतं.

समजा 1971 च्या भारत-पाक युद्धातल्या बसंतरच्या लढाईतला, पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचा सेंच्युरियन टँक करायचा आहे. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल 16 डिसेंबरला ज्या 'फॅमागुस्टा' नावाच्या टँकमध्ये लढले, तो याच जातीचा. ही लढाई झाली तो शकरगढ भाग गाळाच्या मातीचा आहे, म्हणजे फिकट करडी-तपकिरी बारीक धूळ, आणि नदीपात्राजवळ तिचाच ओला चिखल. त्याच युद्धातलं, राजस्थानच्या वाळवंटातलं लोंगेवाला करायचं असेल, तर तिथल्या वाळूत रुतलेल्या पाकिस्तानी टी-59 वर ओला चिखल शोभणारच नाही. तिथे फिकट पिवळसर वाळू आणि घासला गेलेला रंग. सप्टेंबर 1965 च्या असल उत्तरच्या लढाईतले पाकिस्तानी पॅटन टँक मात्र पाणी सोडलेल्या शेतांत अडकले होते, तेव्हा चाकांवरच्या पट्ट्यांच्या वरपर्यंत चिखल चालेल. आपली वर्ध्या-यवतमाळची काळी कपाशीची माती या तिन्ही ठिकाणी नाही. अंगणात हात घातला की ती मिळते म्हणून टँकवर थापायचा मोह आवरा.

इंजिनाचंही बघा. भारताचे त्या वेळचे सेंच्युरियन पेट्रोलवर चालायचे, टी-55 डिझेलवर. पेट्रोल उडून जातं, डिझेल डाग धरून बसतं. म्हणून टी-55 च्या इंधनटाक्यांखाली तेलकट काळे ओघळ शोभतात, सेंच्युरियनवर ते हात राखून द्यावेत. टी-55 चा धूर डाव्या फेंडरवरच्या, म्हणजे पट्ट्यावरच्या पत्र्यावरच्या, तोंडातून निघतो, सेंच्युरियनला दोन्ही बाजूंना सायलेन्सर असतात. काजळी कुठे लावायची ते इथेच ठरलं.

अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियमला एकदा जाऊन या. आकार, जोड, वेल्डिंग, खिळे समजून घ्यायला त्यासारखी जागा नाही. पण तिथल्या रंगावर जाऊ नका. प्रदर्शनातल्या टँकवर वर्षानुवर्षं रंगाचे थर चढलेले असतात. असा टँक रणांगणावर कसा दिसत असेल, ते त्यावरून कळत नाही.

सामान

ॲक्रिलिक रंग, मॅट (बिनचमकीचं) आणि ग्लॉस (चमकदार) वार्निश, डेकल (चिकटवायची छापील चिन्हं) हे ऑनलाइन मागवावं लागतं. स्प्रे कॅन विमानाने पाठवत नाहीत, त्यामुळे तालुक्याच्या गावी यायला वेळ लागतो. आधीच मागवून ठेवा. बाकी पुष्कळसं गावातच मिळतं. स्टेशनरीच्या दुकानात आर्टिस्ट ऑइल कलरच्या नळ्या मिळतील: बर्न्ट अंबर, रॉ अंबर, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, काळा आणि पांढरा. हार्डवेअरमधून टर्पेंटाइन आणि 1000 नंबरचा वॉटर पेपर घ्या. आयसोप्रोपिल अल्कोहोल मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे असतं. किराणा-पूजेच्या दुकानात गेरू आणि मुलतानी माती. कोरडे सॉफ्ट पेस्टल मिळाले तर उत्तम, ते वॉटर पेपरवर घासले की रंगपूड तयार. शाळेतल्या मुलांचे ऑइल पेस्टल मात्र मेणकट असतात, त्यांची पूड होत नाही.

एनसी थिनर आणि ॲसिटोन प्लॅस्टिकच्या जवळही आणू नका, पृष्ठभाग विरघळतो. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलांना मारतात तो चमकदार ऑइल पेंटही टँकला नको. त्याचा थर जाड बसतो आणि 1/72 च्या खिळ्यांची टोकं त्याखाली बुजून जातात.

जुना रंग: काढायचा की झाकायचा

बहुतेक डाय-कास्ट मॉडेलचा रंग काढायची गरजच नसते. तो पातळ आणि घट्ट बसलेला असतो. साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, सुकवा, अल्कोहोलने पुसा, वॉटर पेपर ओला करून हलका हात फिरवा. चमक मेली की पुरे.

आधीच कुणीतरी ब्रशने जाड रंग थापला असेल तरच तो काढा. प्लॅस्टिकच्या भागांसाठी डेटॉल चांगलं चालतं. पाणी न घालता, झाकणाच्या बरणीत, रात्रभर. दुसऱ्या दिवशी हातमोजे घालून जुन्या टूथब्रशने घासा. मात्र रंग सुटायला लागला की लगेच पाण्यात बुडवू नका. पाणी लागताच त्याचा चिकट गोळा होतो आणि तो सांध्यांत जाऊन बसतो. आधी ताज्या डेटॉलमध्येच खळबळून सगळं काढा, साबण-पाणी शेवटी. धातूच्या भागांना हार्डवेअरचा पेंट रिमूव्हर चालतो, पण आधी सगळं प्लॅस्टिक सुटं करून बाजूला ठेवा. कॉस्टिक सोडा वापरू नका. डाय-कास्टमध्ये जस्ताचा मिश्रधातू असतो आणि सोडा त्याला खातो.

प्रायमर आणि मूळ रंग

इथे आपलं हवामान आडवं येतं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा ॲक्रिलिक रंग ब्रशवरच सुकतो आणि स्प्रेचे कण मॉडेलवर पोहोचेपर्यंत कोरडे होऊन खरखरीत बसतात. अशा दिवसांत पहाटेचं काम करा. रंग ओला राहावा म्हणून जेवणाच्या स्टीलच्या डब्यात ओला स्पंज ठेवा, त्यावर बेकिंग पेपर अंथरा आणि रंग त्यावर काढा. झाकण लावलं की तो दुसऱ्या दिवशीही चालतो. कूलरच्या झोतात तर स्प्रे कधीच करू नका. त्या दमट हवेत मॅट वार्निश पांढरं पडतं. पावसाळ्यात तोच त्रास कूलरशिवाय होतो. पांढरं पडलंच तर हवा कोरडी असताना त्यावर ग्लॉसचा एक पातळ हात मारा, बहुतेक वेळा पांढुरकेपणा जातो.

माझ्या मते सगळ्यात चांगला काळ दिवाळीनंतरचा, थंडीतल्या दुपारचा. त्यातही एक अडचण आहे. कापूस वेचणी चालू असते आणि घरात कापसाची गंजी लागलेली असली तर तंतू हवेत तरंगत असतात. ओल्या रंगावर बसलेला एक तंतू 1/72 मध्ये दोरखंडाएवढा दिसतो. रंग मारला की लगेच पुठ्ठ्याचं खोकं उपडं झाका.

प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, करड्या रंगाचा घ्या. 20 ते 25 सेंमीवरून, हात सतत हलता ठेवून, दोन-तीन विरळ थर. एकाच दमात झाकायला गेलात तर ओघळ येतील. रबरासारख्या मऊ पट्ट्यांवर एनॅमल किंवा लॅकरचा स्प्रे मारू नका, तो महिनोन्‌महिने चिकट राहतो. त्यांना ॲक्रिलिकच.

मूळ रंग खऱ्या टँकच्या रंगापेक्षा थोडा फिकट ठेवा. लहान वस्तूवर तोच रंग गडद दिसतो आणि पुढचे सगळे वॉश (पातळ केलेल्या गडद रंगाचे हात) त्याला आणखी काळवंडतात. ऑलिव्ह हिरव्यात जरासा फिकट पिवळसर रंग मिसळा. तोच रंग आणखी थोडा फिकट करून तोफघराच्या छतावर आणि वरच्या सपाट पत्र्यांवर विरळ मारा, ऊन तिथेच लागतं. सुकायला सावलीत ठेवा. टिनाच्या छपरावर ठेवलंत तर बारीक नळी वाकेल.

ग्लॉस, डेकल, वॉश

वेदरिंगच्या आधी ग्लॉस वार्निशचा एक हात. त्याने दोन कामं होतात: डेकल सपाट बसतं आणि वॉश सांध्यांकडे सरकतो. डेकल लावून सुकलं की वरून पुन्हा एक पातळ ग्लॉस. चोवीस तास थांबा.

वॉशसाठी हरभऱ्याएवढा बर्न्ट अंबर आणि चिमूटभर काळा पुठ्ठ्यावर काढून तासभर राहू द्या. पुठ्ठा त्यातलं जवसाचं तेल शोषून घेतो, म्हणजे सुकल्यावर चमक येत नाही. मग तो साधारण 5 मिलीलीटर टर्पेंटाइनमध्ये विरघळवा. सगळीकडे फासायचं नाही. बारीक ब्रशचं टोक खिळ्याच्या बुडाशी, झाकणाच्या कडेला, जोडाच्या रेषेत नुसतं टेकवा. रंग आपोआप रेषेतून पळतो. हे बघण्यात मजा आहे, आणि म्हणूनच हात थांबत नाही. थांबवा. अर्ध्या तासाने स्वच्छ ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवा, फडक्यावर जवळपास कोरडा करा आणि जास्तीचा रंग ओढून घ्या. उभ्या पत्र्यावर ओढ नेहमी वरून खाली, पाणी जसं वाहील तशी.

ॲक्रिलिकवर टर्पेंटाइनचा परिणाम होत नाही म्हणून हे जमतं. मूळ रंग एनॅमलचा असेल आणि वर ॲक्रिलिक वार्निश नसेल, तर वॉशबरोबर रंगही उचलला जाईल. टर्पेंटाइनचं तळं चाकांच्या दांड्यांपाशी साचू देऊ नका. ताणाखाली असलेलं प्लॅस्टिक त्याने ठिसूळ होतं आणि दांडी कट्‌कन तुटते.

वॉश सुकला की ऑइल कलरचेच बारीक ठिपके: कडेच्या पत्र्यावर यलो ऑकर, सिएना, पांढरा, एकमेकांपासून लांब. किंचित ओल्या ब्रशने ते खाली ओढून जवळजवळ पुसूनच टाका. जे उरतं त्याने एकरंगी हिरवा जिवंत होतो.

खरचटे

यात बहुतेक जण अति करतात. 1/72 मध्ये 1 मिलीमीटरचा ओरखडा म्हणजे खऱ्या टँकवर 7.2 सेंमीचा, 1/35 मध्ये 3.5 सेंमीचा. म्हणून ब्रशपेक्षा भांडी घासायच्या स्पंजचा फाटका तुकडा बरा. गडद तपकिरी-काळ्या रंगात बुडवा, कागदावर टिपून जवळपास सगळा रंग काढून टाका आणि कडांवर हलकेच टेकवा. चंदेरी रंग नको, उघडं पडलेलं पोलाद थोड्याच काळात काळपट तपकिरी होतं.

कुठे टेकवायचं? माणसं चढतात तिथे. चालक सेंच्युरियनमध्ये पुढे उजवीकडे बसतो, टी-55 मध्ये डावीकडे, टी-72 मध्ये मधोमध. त्याच्या झाकणाभोवती आणि तिथवर चढायच्या वाटेवर रंग घासलेला हवा. फेंडरच्या कडा, अवजारपेटीचे कोपरे, तोफघराची झाकणं हेही चालेल. तोफेच्या नळीच्या मध्यावर कुणी पाय ठेवत नाही.

गंज जपून. लढाईतला टँक रोज हाताळला जातो, भंगारातल्यासारखा लालभडक गंज त्याच्यावर नसतो. अपवाद सायलेन्सरचा. तिथे बर्न्ट सिएना थोपटून लावा, ओला असतानाच गेरूची पूड शिंपडा, सुकल्यावर तोंडाशी काळी पूड.

जाळलेला किंवा टाकून दिलेला टँक करायचा असेल तर हेअरस्प्रे वापरा. आधी तपकिरी गंजाचा रंग आणि वार्निश, त्यावर हेअरस्प्रेचे दोन हात, वीस मिनिटांनी ॲक्रिलिक हिरवा. हिरवा सुकला की त्याच दिवशी कोमट पाणी लावून ताठ ब्रशने घासा. खालचा हेअरस्प्रे विरघळतो आणि हिरव्याचे पापुद्रे सुटतात.

पट्टे

दगडखाणीत किंवा वणी-चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यात काम करणाऱ्या पोकलेनची चेन बघून या. जमिनीला टेकणारी धार घासून पांढरी झालेली, खाचांत माती ठासलेली, बाकी पोलाद गडद तपकिरी. टँकचे पट्टेही तसेच. मूळ रंग गडद तपकिरी-करडा द्या, खाचांत त्या ठिकाणच्या मातीचा वॉश घाला, सुकल्यावर उंच भागांवर 6बी पेन्सिल आडवी घासा. पट्टा ओढणाऱ्या दातेरी चाकाच्या दातांनाही पेन्सिल. हे चाक सेंच्युरियन, टी-55, पॅटन यांना मागे असतं, शर्मन आणि टायगरला पुढे.

धूळ आणि चिखल

याआधी मॅट वार्निशचा पातळ थर हवाच, ग्लॉसवर पूड टिकत नाही.

धूळ आडव्या पृष्ठभागांवर बसते, पण सारखी नाही. जिथे हात-पाय लागतात तिथून पुसली जाते आणि कोपऱ्यात जमते. मुलतानी माती आणि थोडा तपकिरी पेस्टल मिसळा, कोरड्या मऊ ब्रशने कोपऱ्यांत ठेवा, मग अल्कोहोलचा एक थेंब शेजारी सोडा. पूड ओढली जाऊन बसते. ओली असताना ती दिसेनाशी होते. घाबरून आणखी घालू नका. सुकली की दुप्पट पांढरी दिसेल. अल्कोहोलऐवजी पूड पक्की बांधणारं द्रव वापरलं तर ती कायमची थोडी गडद होते, म्हणून आधी फुटक्या भागावर करून बघा.

चिखलासाठी खरी माती वापरायची असेल तर तव्यावर चांगली भाजा, नाहीतर पावसाळ्यात तिच्यावर बुरशी येईल. मग मलमलमधून गाळा. गाळल्यावरही बोटांना खर लागत असेल तर पुन्हा गाळा. अर्ध्या मिलीमीटरचा कण 1/72 मध्ये 3.6 सेंमीचा दगड होतो. काळी माती इथेही दगा देते: सुकताना आक्रसते, तडे जातात आणि पापुद्रा खालच्या रंगासकट सुटतो. भंडारा-गोंदियाकडची तांबूस किंवा नदीकाठची गाळाची माती बरी, आणि रंग जुळवायला रंगपूड आहेच. माती, पूड, थोडं प्लास्टर ऑफ पॅरिस आणि ॲक्रिलिक मॅट वार्निश एकत्र कालवा. फेविकॉलने चिकटेल, पण सुकल्यावर चकाकेल.

तीन वेळा लावा, एकदाच नाही. पहिला हात सुकलेल्या जुन्या चिखलाचा, फिकट, चाकांमागच्या पत्र्यावर पसरट. दुसरा थोडा गडद, कमी जागेत, फेंडरखाली आणि दातेरी चाकाभोवती. तिसरा ओला ताजा, अगदी मोजक्या ठिकाणी, त्यात ग्लॉसचा थेंब. शिंतोडे हवे असतील तर पातळ चिखलाने भरलेला ब्रश काडीवर आपटा, तोफघर आणि वरचा भाग कागदाने झाकून. शिंतोडे पट्ट्यांच्या वळणाजवळ दाट आणि वर विरळ होत जायला हवेत. चाकांच्या रबरावर चिखल कमी, कारण फिरताना तो निघून जातो.

या कामात मास्क लावा. रंगपूड आणि घासलेल्या रंगाची धूळ फुप्फुसात जाते. टर्पेंटाइन, अल्कोहोल आणि हेअरस्प्रे चुलीपासून, गॅसपासून आणि देवापुढच्या दिव्यापासून लांब.

शेवटचा हात

चिखलावर पुन्हा वार्निश मारू नका, पूड गडद होऊन निम्मं काम नाहीसं होतं. पेन्सिलीचं शिसं बोटाला लावून झाकणांच्या कड्या, मशीनगन आणि पायरीच्या कडेवर फिरवा. दुसऱ्या दिवशी मॉडेल सावलीतल्या उजेडात हातभर लांब धरून बघा. जो डाग आधी नजरेत भरतो तो बहुधा जास्त झालेला असतो, टर्पेंटाइनच्या ब्रशने त्याला जरा मऊ करा.

मग ते काचेच्या पेटीत ठेवा. पूड लावलेलं मॉडेल फडक्याने झटकता येत नाही आणि घरातली धूळ आपल्या गाळलेल्या धुळीपेक्षा कितीतरी जाडी असते. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलची पुडी टाका. मॉडेल उचलताना बोटं तोफघराला लावू नका, खालच्या स्टँडला धरूनच हलवा.